पांढऱ्याचं माप

डॅन्यूब जिथे समुद्राला फुटते तिथे, पहाटे साडेपाचला
येवडोकिमने होडीचं इंजिन बंद केलं,
आणि बोरूच्या बनाआडून पेलिकन उठले.
गुलाबी. पांढरे नाहीतच मुळी.
इलिंकाने शटर दाबलं. बोलली काही नाही.

आठला ऊन चढलं. काळ्याशार बोरूपुढे
एकच बगळा, आणि कॅमेरा अंधाराला भुलतो,
बगळ्याला जाळून टाकतो:
पीस नाही, पंख नाही,
कागदाला पडलेलं भोक.
ती उजेड दोन घरं खाली आणते. मग अजून एक.

दुपारी ढग, आणि सगळं उलटं.
आभाळ पांढरं, पक्षी पांढरा,
यंत्राच्या मते दोघेही राखाडी,
नीट न निघालेल्या चादरीसारखे.
आता उजेड वाढवायचा. बोटं गारठलेली.

येवडोकिम बुक्कीने कांदा फोडतो, मीठ लावतो.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
तुल्चाच्या दवाखान्याची तारीख त्याने दोनदा चुकवली.
"दाखव की," म्हणतो, "सकाळपासूनचं."

ती निवडक दाखवते. पिसाची कड न् कड.
तो मान हलवतो, पाव चावत.
मग तिचं बोट घसरतं
आणि आठ वाजताचं ते भोक पडद्यावर येतं,
पुसायचं राहून गेलेलं.

"हा," येवडोकिम पुढे झुकतो, होडी कलते.
"हा खरा. ह्याला मी रोज बघतो."

परतताना पाण्यावरून निळं काहीतरी गेलं,
बगळाच असणार.
इलिंकाने कॅमेरा उचलला नाही.
बॅटरी संपत आली होती,
असंही म्हणता येईल.