हैबतीमामाची तबकडी

बळवंत देवकर कलकत्त्याला सोनं गाळायचा.
दिवाळीला विट्याला आला तेव्हा ट्रंकेत
बायकोला साडी आणि हैबतीमामाला
जुन्या बाजारातली एक तबकडी.
"कव्हरवर बघ, तुझ्यागत काळाभोर गडी
पिपाणी धरून उभा हाय."

मामा आमच्या बँडचा ट्रंपेट.
लग्नसराईत त्याच्या गालांना सुट्टी नसे.
एका गाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
मध्ये श्वास घेतला की मालक म्हणायचा,
"दम खायचे पैसे मिळत न्हाईत."

फोनो साळीमास्तरांचा.
मागांची पाळी सुटल्यावर सुई टेकली.
खरखर.
मग जाड तारांनी काहीतरी विचारलं,
बाकीच्यांनी दोन सुरांत हो म्हटलं,
आणि तो गडी वाजवू लागला,
म्हणजे खरं तर वाजवायचं टाळू लागला.
एक सूर. गप्प.
मी म्हटलं, सुई अडकली.
मामानं माझा हात धरला.

"एकाच सुरावळीत बसलाय," तो पुटपुटला.
"मिरजेत तंबोरा लावत्यात, तसं.
कुठं पोचायची घाईच न्हाई."

दुकानदारानं बळवंतला सांगितलं होतं :
ह्याच्या आधीचे पळायचे,
ह्याच्या नंतरचे चालायला शिकले.

माघात लेंगऱ्याच्या वरातीत
ऐन कडव्यात मामानं ट्रंपेट ओठांवरून काढला.
चार ठोके. पाच.
घोड्यानं कान टवकारले.
नवरदेवाच्या चुलत्याची नोट हवेतच राहिली.
क्लॅरिनेटवाल्या सदबानं त्या खड्ड्यात वाकून पाहिलं
आणि हळूच एक सूर ठेवला.

त्या रात्री मामाची निम्मी बिदागी कापली.
सदबाची नाही, का कोण जाणे.

मामा गेला. तबकडी उन्हानं वाकली;
मामी तिच्या भोकात चिंधी कोंबून
माठावर झाकायची.

परवा भिवघाटाच्या पुढं एक वरात आडवी आली.
ट्रॉलीवर कीबोर्ड, पुढं सदबाचा नातू,
मिसरूड फुटलेलं, ट्रंपेट नवा.
कडव्यात आला आणि
थांबला.
मी गाडी बंद केली.
चार. पाच.

नंतर चहाच्या टपरीवर विचारलं,
हे थांबणं कुणी शिकवलं तुला?
त्यानं बशीत फुंकर मारली.
"कुणी न्हाई ओ.
आमच्यात असंच वाजवत्यात."