उडवी झाकताना

मडगावहून त्याचा फोन आला दुपारी.
समुद्र बिथरलाय, बेकरीचं शटर ओढलं,
रात्रीपर्यंत चोर्ला चढून तुमच्याकडं येईल.
'तुमच्याकडं' म्हणाला.
मी काही बोलले नाही.

मार्गशीर्षात असलं कधी येतं का?
मामा म्हणाले, येतं. मी चौथीत होतो तेव्हा आलेलं,
शाळेचं छप्पर घेऊन गेलं, गुरुजींना ठेवून.
मग उठले आणि सुंभ शोधायला लागले.

मोबाईलवर दोन सरकारांचे दोन मेसेज.
इकडचा कन्नडमध्ये, तो श्रेयानं वाचला
अक्षरावर बोट ठेवत, बाईंसमोर उभी असल्यासारखा.
डोंगरापलीकडचा टॉवर लागला की मराठीत येतो.
एकात पिवळं, एकात नारिंगी.
मामा म्हणाले, त्यांना कशाला विचारता, गाईला विचारा.
गाय दावं ताणून गोठ्यात शिरत होती.

मळणी मंगळवारी ठरलेली,
मशीनवाला नंदगडात अडकलेला,
आणि वर्षाचा भात खळ्यावर उघडा.
ताडपत्री एकच, तीही उंदरांनी वाचून काढलेली.
मग माळ्यावरून गेल्या निवडणुकीचे फ्लेक्स काढले,
एक मराठी, एक कन्नड,
दोन्हींवर तेच जोडलेले हात.
मी तोंडं वर करून पसरायला लागले.
मामा म्हणाले, खाली घाल,
त्यांनाबी कळू दे भात कसा टोचतो.
एकावर एक वीतभर चढवले,
कडेला दगड, दगडाला सुंभ, सुंभाला खुंट.
एका कोपऱ्याला दोर पुरला नाही
तिथं माझ्या जुन्या साडीचा काठ फाडून बांधला.

बांधापलीकडं गंगव्वा उभी.
काजूच्या एका झाडावरून दोन वर्षं बोलणं नाही.
तिची उडवी उघडी, पोरगा हुबळीला टेम्पोवर.
उरलेला फ्लेक्स मी गुंडाळून पलीकडं टाकला.
कुणाचा हा, तिनं तिच्या भाषेत विचारलं.
डोळे तपासणी शिबिराचा, मी माझ्या.
तिनं उचलला. झाडाचं काही निघालं नाही.

घरात मग एकच धावपळ.
लाईट आहे तोवर नाचणी दळून आणली,
काडेपेटी तांदळाच्या डब्यात, ढलप्या चुलीमागं,
कोंबड्या डालग्यात, डालगं पलंगाखाली.
कौलं तीन फुटलेली, ती आम्हाला पाठ,
त्यांच्याखाली टोप, परात आणि श्रेयाच्या बारशातलं घंगाळ.
रेशनकार्ड, पासबुक, शेताचा उतारा
(त्यात आजेसासऱ्यांचं नाव लुमाण्णाचं लमाणी झालंय,
तीस वर्षं दुरुस्तीला आहे)
सगळं स्टीलच्या डब्यात, वर फडकं, वर पाटा.

आठला लाईट गेली.
मग बराच वेळ काहीच नाही.
थंडी तेवढी दाराखालून आली
आणि आम्ही तिघं एका घोंगड्यात,
न आलेल्या पाहुण्यासाठी जागल्यासारखे.

दीडच्या सुमारास खळ्यावर टाळ्या सुरू झाल्या.
आधी एक, दबकत,
मग सबंध सभा.
श्रेयानं विचारलं, पिवळं की नारिंगी?
मामा म्हणाले, गप, ऐकू दे.
ते टाळ्या ऐकत नव्हते,
त्या कोपऱ्यातला काठ ऐकत होते.

फोनला एक कांडी आली, तेवढ्यात त्याचा आवाज,
झाकलं का सगळं?
मी हो म्हटलं.
घंगाळात पहिला थेंब पडला,
त्याला तो तिकडंसुद्धा ऐकू गेला असावा.