बँकेचं कॅलेंडर

दर ऑगस्टला मी बँकेच्या कॅलेंडरसाठी तारखा जमवायला बसते.
चौकटीत वर देश, ठळक.
खाली आमचं गाव, बारीक टायपात.
चार जुलैला वर स्वातंत्र्य,
खाली: १९०८, बटणांच्या कारखान्याला आग, घोडे वाचले.
वीस जुलैला वर चंद्रावर माणूस,
खाली: त्याच रात्री ओल्गा श्ट्राउबची गाय व्याली, जुळं.
लोक हसतात,
पण ओल्गाची नात न चुकता फोन करते,
ओळ राहिली ना, म्हणून.

मार्चमध्ये पूर. १९१३.
तो देशालाही ठाऊक, आम्हालाही.
चर्चच्या भिंतीवर रेघ आहे,
माझ्या हनुवटीला लागते.

डनलीव्हीसाहेब म्हणाले, तेहेतीसचा मार्च गाळा,
लोकांनी आपल्याच बँकेच्या काचा फोडल्या, ते कशाला?
गाळला.
त्या चौकटीत आता वसंतातला पहिला रॉबिन बसतो.

यंदा टेकडीमागच्या कबरस्तानात
पोरांनी एक पालथा दगड उलथला, शेवाळ खरवडलं.

सायलस पर्डी.
जन्म: मका पेरायच्या दिवसांत.
आला: नदी गोठली त्या रात्री.
गेला: मंगळवारी.

आकडा एकही नाही.
ओहायोच्या पल्याड केंटकी. तिथल्या कचेरीतल्या वहीत
तो सापडला, दोन खेचरांच्या खाली.
नावापुढे तारीख होती, अगदी चोख, वळणदार अक्षरात.
विकत घेतल्याची.

ती मी छापणार नव्हते.

मग नदी कधी गोठली ते शोधत बसले.
जुन्या नोंदींत तीन हिवाळे निघाले. तिन्ही कडाक्याचे.
कुठला त्याचा?
चष्मा काढून डोळे चोळले, चहा गार झाला,
आणि जानेवारीचं पान समोर होतं:
एक तारीख गुरुवारी,
तिच्याआधी चार कोऱ्या चौकटी.
दर महिन्याला असतात अशा, आकड्याविना,
कुणी बघत नाही.

पहिलीत लिहिलं: नदी गोठली.
चौथीत: सायलस पर्डी पोचला.
मधल्या दोन तशाच ठेवल्या.
शेजारी एक तारखेला, वर, ठळक,
मुक्तीचा जाहीरनामा, १८६३.
हा त्याच्या एक चौकट आधीच आलेला, पायी.

काल प्रूफ परत आलं. डनलीव्हीसाहेबांची लाल पेन्सिल:
मधली जागा वाया जातेय, तिथं कर्जाचा दर टाकू?

फोन केला.
म्हटलं, तिथं बर्फ आहे, साहेब.
पातळ आहे.
ओझं नका टाकू.