अर्धा गुण

वार्डोच्या मच्छीमार-सभागृहात
तेवीस डिसेंबरची प्रश्नमंजूषा.
सूर्य महिनाभर इकडं फिरकलेला नाही.
एइलिफ माइकवर खाकरतो:

भाताच्या खिरीत बदाम सापडला, तर बक्षीस काय?
"मार्झिपानचं डुक्कर!" पोरं बाकांवर उभी.
लंडनला दरसाल नाताळचं झाड कोण धाडतं?
"ऑस्लो!" हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

बरं, उद्या रात्री
घरोघरी काय लपवायचं?
"झाडू!"
का?
"चेटकिणी पळवतात, बसून उडतात!"
हशा. कुणाची तरी कॉफी सांडते.

मागच्या बाकावरून बोर्गहिल्ड, वय ब्याऐंशी,
विणकामाच्या सुया न थांबवता म्हणते,
उडता आलं असतं
तर ह्या बेटावर जळाल्या असत्या का त्या?

एइलिफ उत्तरांचा कागद उलटून पाहतो.
मागं कोरा.
देऊन टाकतो अर्धा गुण.

दुसऱ्या रात्री वारा असा, की दोरी धरून चालावं.
गल्लीतले सगळे झाडू कडीकुलपात.
बोर्गहिल्डचा तेवढा बाहेर, पायरीवर,
भिंतीला टेकवून.
दरवर्षी ठेवते.
दरवर्षी सकाळी तो तिथंच असतो,
बर्फानं जड.
झटकते,
आणि त्यानंच पायरी झाडून घेते.