ङ कामाला लागला

स्टाफरूममधल्या मासिकात एक तक्ता आहे:
इंग्रजी येणाऱ्यांसाठी सोप्या भाषा, अवघड भाषा.
स्पॅनिश वर, हिरव्या पट्टीत. जपानी तळाशी, लाल.
जिशा म्हणते, सुलभा, इटालियन शिकू या, नुसतं ऐकायलाही गोड.
मराठी तक्त्यात नाही.
वेल्शही नाही,
आणि खिडकीबाहेर पार्किंगची पाटीसुद्धा आधी वेल्शमध्ये.
बावीस वर्षं मी पाट्यांचा खालचा अर्धा भाग वाचत आले.

फेब्रुवारीत नऊ नंबरच्या नेस्टाबाईंना झटका आला.
उजवा हात गेला, आणि इंग्रजी गेलं.
सातव्या वर्षी शाळेत शिकलेलं ते.
उरलं त्याच्या आधीचं.
डॉक्टर विचारतात, शून्य ते दहा, किती दुखतंय?
बाई पडद्याकडे बघत सांगतात, सविस्तर.
दिवसा स्वयंपाकघरातल्या इडवालला कळतं.
रात्री असतो आम्ही दोघी,
मी आणि जिशा, आणि पडदा.

म्हणून इडवालची शिकवणी. अंड्यांच्या ट्रेच्या पुठ्ठ्यावर.
पहिल्या दिवशी गावाचं नाव: कायर्नार्वन.
पण गावाला जायचं असेल तर गायर्नार्वन.
‘आणि’ लावलं की खायर्नार्वन.
आणि गावात राहायचं असेल तर,
तो नाकातून म्हणाला, ङायर्नार्वन.

मी पेन्सिल खाली ठेवली.
क, ख, ग, ङ. घ तेवढा सुट्टीवर.
आमच्या शाळेत भिंतीवर ओळीच्या टोकाला उभा असायचा ङ.
बाई पट्टी ठेवायच्या, आम्ही ओरडायचो, पुढे जायचो.
एका वाङ्मयापुरती नोकरी, तीही अर्ध्या पायाची.
आणि इथे, आयरिश समुद्राच्या काठी,
गडी रोज कामाला जातोय.

सोलापुरात आमच्या गल्लीत मागांवर तेलुगू, नळावर कन्नड.
भाषा शिकतात हे मला माहीतच नव्हतं,
अंगाला लागतात एवढंच.
ही लागेना.
क्रियापद आधी! आमच्याकडे माणूस आला की गेला
हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही.
आमचे शब्द शेपटी बदलतात, घोडा, घोड्याला. यांचे तोंड बदलतात.
पण ‘पेन माझ्यापाशी आहे’ हे अगदी तस्संच.
धरून ठेवणारं क्रियापदच नाही त्यांच्यात, आपल्यासारखं.
इंग्रजीत बाई सारखं काहीतरी मुठीत धरावं लागतं.

मग दोन एल. जीभ ‘ल’ला टेकवायची
आणि बाजूने हवा सोडायची,
दूध उतू जाऊन शेगडीवर पडतं तशी.
मी थुंकले. इडवालने चष्मा पुसला.
मी म्हटलं, आता तू म्हण, साळुंके.
सालुंकी, तो म्हणाला.
सालुंकी.
फिटंफाट.

नेमका तोच दोन एल त्या प्रश्नाच्या सुरुवातीला.
ल्ह्ये मायन ब्रिव्हो? कुठे दुखतंय?
पहिल्या रात्री नेस्टाबाईंनी डोळे उघडले,
माझ्या तोंडाकडे बघितलं,
दुखणं बाजूला ठेवलं, आणि उच्चार दुरुस्त केला.
तेहतीस वर्षं मास्तरकी केलेली बाई.
चार वेळा म्हणवून घेतलं.
पाचव्यांदा डावा हात कमरेवर ठेवला: इथे.
मी चार्टवर लिहिलं. कंबर. आकडा नाही.

हे मार्चमधलं.

काल पहाटे चारला मी त्यांची उशी बदलत होते,
एका पायावर भार, मग दुसऱ्या.
त्यांनी माझी बाही धरली.
ल्ह्ये मायन ब्रिव्हो?
मला वाटलं, मी म्हणायची वाट बघतायत. मीही म्हटलं.
त्यांनी मान हलवली. बोट माझ्याकडे.

शब्द माहीत नव्हता. हिवाळ्याचे आहेत, औषधांचे आहेत,
पुठ्ठ्यावर अजून पायापर्यंत पोचलो नाही आम्ही.
टाचा, म्हटलं. टाचा दुखतात. आणि खरंच दुखत होत्या.

ताखा, म्हणाल्या नेस्टाबाई, घशातून खाकरत.

अं हं, म्हटलं मी,
खुर्ची ओढून बसले.
पुन्हा.