तुकडा

वसमतच्या मोंढ्यात, काट्याच्या मागच्या शेडपाशी
किल्ली माझ्या हातात राहिली, अर्धी.
म्हणजे काळं प्लास्टिकचं डोकं,
त्यात अडकवलेला सारिकाच्या लग्नातला मोत्यांचा गोंडा
आणि नखाएवढा पत्रा.
बाकीची आत.
स्कूटीच्या कुलपाच्या फटीत नुसती एक रेघ चमकत होती.

दुपारचा दीड. सौदे उरकलेले.
हळदीच्या पोत्यांवर माणसं पालथी पडलेली,
पंखा फक्त आडत्याच्या गादीवर.

आधी मी केसातली पिन घातली.
तिनं तुकडा अजून आत ढकलला.
चहावाल्या इलियासनं फेविक्विक सुचवलं.
दोन रिकाम्या माणसांनी दोन उलटसुलट सल्ले दिले,
तिसऱ्यानं गाडी नुसती हलवून बघितली,
गाढ झोपलेल्याला हलवतात तशी.

जोगासिंग टाक बसतो पोस्टाच्या भिंतीला,
बियाणे कंपनीच्या विटलेल्या छत्रीखाली.
तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या,
अजून कुठल्याच दाराच्या नसलेल्या.
पेटी उचलून चालत आला.
गाडीकडं बघितलंही नाही. म्हणाला, "आरसी?"

आरसी डिक्कीत.
डिक्की त्याच किल्लीची.

मी हसले. तो नाही हसला, म्हणून थांबले.
"गावात कुठं कुलूप फुटलं, ताई,
की आधी मला बोलावतेत.
कधी उघडायला, कधी विचारायला.
एकदा तीन रात्री विचारलं."
आणि पेटी न उघडता
तिच्यावरच बसून राहिला.

तेव्हा पोत्यांवरून नारबा उठला,
डोळे चोळत, भुवयांपर्यंत पिवळा.
"आमच्या काट्यावरची हिशोबाची बाई हाय ही.
सात वर्सं झाली. गाडी तिचीच.
मागचा दिवा म्याच फोडलाय, पोतं टाकून."

सात वर्षं मला वाटत होतं
तो दिवा भिंतीला लागून गेला.

एवढ्यावर पेटी उघडली.
तेलाची बारकी कुपी, चिमटे,
आणि कानसून कानसून काडीएवढी केलेली करवतीची पाती.
आधी त्यानं कुलपाचं तोंड सरळ केलं.
"वाकड्यात असलं की सोडत नाही ते."
दोन थेंब तेल. मग वाट बघणं.
मोंढ्यात कुणीच कशाची एवढी वाट बघत नाही,
मी घड्याळ बघितलं, त्यानं नाही.
एक पाती दातांत धरली, दुसरी सरकवली
तुकड्याच्या कडेकडेनं,
डोळे मिटून, बोटांनी ऐकत.

मी विचारलं, "तुमच्यासाठी कोण बोललं होतं तेव्हा?
त्या तीन रात्री?"
पाती दातांतच होती.

खट्ट नाही झालं. काहीच नाही झालं.
तुकडा आला तो मुकाट्यानं,
तेलात भिजलेली पिवळी भुकटी अंगाला माखून.
"हळद लागली की किल्लीला!" नारबा ओरडला,
आणि झोपलेले सगळे उठून हसले,
जोगासिंगही, पाती काढून, पहिल्यांदाच.

मी म्हटलं, हीच बघून नवी काढा.
त्यानं तुकडा उन्हात धरला. मान हलवली.
"ही घासलेली. हिची नक्कल काढली
तर घासलेलीच निघंल.
कुलपालाच विचारू."
कोरी किल्ली आत घातली, दाबली, काढली,
तिच्यावरच्या न दिसणाऱ्या खुणा बघितल्या,
कानस मारली, फुंकली, पुन्हा घातली.
असं किती वेळा, मी मोजलं नाही.
मोजणं हेच माझं काम, तरी.

ऐंशी रुपये.
डिक्की उघडल्यावर मी आरसी काढून दाखवली,
घडीवरून फाटत आलेली.
त्यानं नाव वाचलं, नंबर वाचला,
पाटीशी ताडून बघितला,
नारबाच्या शब्दानंतरही, सावकाश, सगळा.
मग तुकडा कागदात बांधून दिला.
"कुठंबी टाकू नका. दात शाबूत हायेत त्याचे."

तो पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.
नवी किल्ली अजून जड फिरते.
दोन महिने झाले,
पोस्टावरून जाताना मी गाडी हळू करते,
थांबत नाही.
विचारलेलं अजून तिथंच आहे.