इतर

खाली बिस्किटांचं पहिलं दुकान, वर हिशेब.
(बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं नव्हे.
ताकात मळलेलं, मुठीएवढं फुगलेलं,
मधोमध फोडून आत सॉसेज घालतात, ते.)
पहाटे तीनला भट्टी पेटायची
आणि नऊला ओर्फा टॅकेट जिना चढून यायची तेव्हा
पगारपत्रकालाही लोण्याचा वास असायचा.
एकतीस वर्षं.

आता दुकानं एकशे बारा, पाच राज्यांत.
म्हणून हेड ऑफिस चाललं शार्लटला,
विमानतळाजवळ, चौदाव्या मजल्यावर.
पत्रात लिहिलंय, आपली मुळं इथेच राहतील.
मुळं ठेवून झाड नेतात
हे वेस्ट व्हर्जिनियात कुणाला नवीन नाही.
आधी लाकूड गेलं, मग कोळसा,
मग शाळा संपली की पोरं.

आयसी बाईंचं लाटणं फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलं,
वर चिठ्ठी: लॉबी, काचपेटी.
निरोपाला केक आणला बाईंच्या नातवानं,
सुपरमार्केटमधला.
खाल्ला सगळ्यांनी. गोडच होता.

शेवटचा आठवडा ओर्फानं काम समजावण्यात घालवला.
पडद्यावर शार्लटची मुलगी, ब्रिएल,
हुशार, कानात बारीक खडे, मागे पांढरी भिंत.
तिचा आवाज अर्धा क्षण उशिरा पोचायचा,
जसं काही तो डोंगर चढून येतोय.

"डेल्मस स्टिल्टनर," ब्रिएल म्हणाली,
"याला दर महिन्याला बारा डॉलर जास्तीचे.
रकाना आहे 'इतर'.
नव्या सिस्टीमला 'इतर' चालत नाही.
कारण निवडायला लागतं.
बोनस, भत्ता, की चूक?"

ओर्फानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर.

पुराची रात्र होती, तिनं सांगितलं.
डेल्मस तेव्हा भांडी घासायचा, एकोणीस वर्षांचा.
नदी दुकानात शिरली तशी
बारा गोणी मैदा यानं पाठीवरून वर आणला,
या इथे, जिथे माझं टेबल आहे.
घरी त्याचं सामान उचलायला कुणी नव्हतं.
ते गेलं.
सकाळी आयसी बाईंनी वरच गॅसची शेगडी लावली
आणि छपरांवर बसलेल्या लोकांना
होडीतून गरम बिस्किटं पाठवली.
कुणाकडून पैसे घेतले नाहीत.
डेल्मसला म्हणाल्या, गोणीमागे एक डॉलर,
दर महिन्याला, तू इथे आहेस तोवर.
कागद केला नाही.
कागद सगळे भिजलेलेच होते.

पलीकडे गप्प.
लाईन तुटली असेल असं वाटलं ओर्फाला.
तेवढ्यात दोन हमाल आत आले,
"बाई, जरा सरका," म्हणत
लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं.

मागे ती रेघ. मातकट, करडी,
जमिनीपासून वीतभरच वर,
कुणी रंगवायचं विसरलं होतं
किंवा विसरलं नव्हतं.
म्हणजे वरसुद्धा आलं होतं पाणी.
मग गोण्या कशावर ठेवल्या होत्या त्यानं?
एकतीस वर्षांत तिनं विचारलं नव्हतं.
डेल्मस खालीच होता की आत्ता, ट्रे पुसत.

"ओर्फा?" अर्धा क्षण उशिरा ब्रिएल म्हणाली.
"पाणी किती वर आलं होतं?"

ओर्फानं लॅपटॉप उचलला.
वायर पुरेना. तिनं ती भिंतीतून उपटली
आणि बॅटरीचे नऊ टक्के उरलेले असताना
गुडघे मोडून बसली,
कॅमेरा त्या रेघेसमोर धरून.
"दिसतंय?"
"थोडं खाली घे," ब्रिएल म्हणाली.
"अजून थोडं."